नागपुरात पोट्ट्यांना डेटाबेस आणि वेब सर्व्हिस शिकवायच्यात: सुरुवात कुठून करू?

कूलर_की_पंखा
शनिवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. प्रतापनगरात आमचं सॉफ्टवेअरचं छोटं दुकान आहे. सहा माणसं, दोन खोल्या, एक कूलर. व्यापाऱ्यांचे हिशोब, गोदामातला साठा, दोनतीन दवाखान्यांची बिलं, असली कामं करतो. येत्या शनिवारपासून नऊ पोट्ट्यांना शिकवायचं कबूल करून बसलोय. पाच जण इंजिनीअरिंगचा शेवटचा पेपर देऊन मोकळे झालेले, दोघी बीसीएच्या, एक पॉलिटेक्निकवाला आणि एक बी.कॉम. झालेला, जो मला सगळ्यांत तल्लख वाटला. १२ शनिवार, दर वेळी तीन तास, फी काही नाही. ज्याचं जमेल त्याला आमच्याकडे नाहीतर ओळखीत कुठंतरी चिकटवून देऊ.

निवड करताना सगळ्यांशी बोललो. प्रत्येकाच्या बायोडेटात 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम' नाहीतर 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम'. लॉगिनचं पान झकास, मागं हलणारे ढग वगैरे. एकाला विचारलं, पेशंटचे दोन फोन नंबर असले तर? म्हणाला, "फोन१ आणि फोन२ असे दोन कॉलम, सर." तीन असले तर? "फोन३." चौथा आला तर? तेव्हा तो स्वतःच हसला. त्या हसण्यावर त्याला घेतला.

माझा बेत असा आहे: पहिले चार शनिवार कॉम्प्युटर बंद. कागद, पेन्सिल आणि कळमना मार्केटातल्या एका ओळखीच्या अडत्याकडून आणलेल्या संत्र्याच्या जुन्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचे कागद. शेतकरी, गाव, गाडी नंबर, कॅरेट, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं, उचल, निव्वळ देणं. एवढ्याशा कागदावरून डेटाबेसचे तक्ते (टेबलं) कसे पाडायचे हे हातानं करायचं. मग एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा), मग वेब सर्व्हिस (अ‍ॅपच्या विनंत्यांना नेटवरून उत्तर देणारा प्रोग्रॅम), फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा सगळ्यात शेवटी.

ऑफिसातले म्हणतात, दुसऱ्या शनिवारी तुझ्यासमोर फक्त कूलर बसलेला असेल. तुम्ही सांगा.

जुना_फॉक्सप्रोवाला
शनिवार, रात्री ११:०२

बेत उत्तम. चार शनिवार मात्र फार होतात.

मी इतवारीत नव्वदच्या दशकात फॉक्सप्रो नावाच्या डेटाबेसवर दुकानदारांची खाती बसवत होतो. पाच फाइली उघडायच्या, इंडेक्स बिघडला की रात्री रिइंडेक्स मारून घरी जायचं. मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये ते बनवणारी फॉक्स कंपनी विकत घेतली आणि २००७ मध्ये सांगून टाकलं की आता पुढची आवृत्ती नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाला ही बातमी अजून कळलेली नाही. त्याची दिवाळीची वही आजही त्यावरच निघते.

सांगायचं ते वेगळंच. पुढं ओरॅकल हा डेटाबेस शिकायला गेलो तेव्हा सगळीकडे सरावाचं तेच ते स्कॉट/टायगर लॉगिन आणि एम्प-डेप्टचे, म्हणजे कर्मचारी-विभागांचे तक्ते. १४ कर्मचारी, चार विभाग. साहेबाचं नाव किंग, पगार ५०००, रुजू १७ नोव्हेंबर १९८१. पिढ्यान् पिढ्या पोरं त्या किंगचा पगार सिलेक्ट करून राहिली आणि बिचाऱ्याला अजून वाढ मिळाली नाही! पण त्या १४ ओळींत काही खटकतच नाही. सगळं स्वच्छ. एकाच नावाची दोन माणसं नाहीत, कोणी उचल घेतलेली नाही, कोणाची गाडी अर्धीच भरून आलेली नाही. मग मुलाला वाटतं डेटा असाच येतो.

तुझी संत्र्याची पट्टी म्हणून आवडली. एडगर कॉड या संशोधकानं १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना जे मांडलं, त्याचं मर्म एवढंच की वापरणाऱ्याला माहिती डिस्कवर कुठं आणि कशी ठेवली आहे हे ठाऊक असायची गरज पडू नये. तक्ते आणि त्यांची नाती, बस. आमची सगळी हयात रेकॉर्ड नंबर मोजण्यात गेली, त्यामुळं या वाक्याची किंमत आम्हाला कळते. तुझ्या पोरांना ती कशी कळवशील, मला सुचत नाही.

मिहानकर
रविवार, सकाळी ९:२५

दादा, राग मानू नका, पण हे हौशी शिक्षण झालं. १२ शनिवार म्हणजे ३६ तास. त्यातले १२ तास कागदावर? या पोरांना ऑगस्टमध्ये मुलाखती द्यायच्या आहेत. तिथं विचारतात, कोणतं फ्रेमवर्क, गिटवर काय आहे, क्लाउडवर काय चढवलंय.

माझ्या टीममध्ये गेल्या दोन वर्षांत कोणी हातानं जॉइन (दोन तक्ते जोडणारं एसक्यूएल) लिहिलेला मी पाहिला नाही. ओआरएम आहे, म्हणजे आपल्या कोडावरून एसक्यूएल बनवणारं साधन, तो लिहितो. आधी काहीतरी पडद्यावर चालतं दिसू द्या, मूल तेव्हाच रमतं. पोहायला शिकवताना आपण अंबाझरीच्या काठावर चार आठवडे पाण्याचं शास्त्र सांगत नाही.

तर्री_जास्त
रविवार, सकाळी ११:४०

अंबाझरीत पोहू नका भाऊ, बोर्ड लावला आहे. 😄

मी सांगतो माह्यं. मी तुमच्या त्या नऊ पोट्ट्यांसारखाच. बर्डीवर एका क्लासमध्ये सहा महिने 'फुल स्टॅक' केलं, नाव नाही घेत. बापानं पैसे भरले. सर चांगले होते, पण रोज व्हिडिओ लावून द्यायचे आन म्हणायचे, असंच टाइप करा. आम्ही टाइप केलं. चाललं बी. मग इंटरव्ह्यूत एका मॅडमनं विचारलं, तू सबमिट दाबलं, मधात लाइट गेली, तर डेटा अर्धा जाते का पूर्ण जाते का जातच नाही? मले समजेच ना. सहा महिन्यांत हा प्रश्न कोणालेच पडला नव्हता, मले बी नाही.

मिहानकर भाऊचं बी खरं आहे. चार शनिवार नुसता कागद असता तर मी बी आलो नसतो. एक शनिवार आलो असतो, पोहे असते तर.

कूलर_की_पंखा
रविवार, दुपारी २:१५

तर्रीभाऊ, पोहे आहेत. टपरीवाला खालीच आहे.

काका आणि मिहानकर, पटलं. चारचा एक करतो. पहिला शनिवार कागद, त्यातला शेवटचा अर्धा तास एसक्यूलाइट. इन्स्टॉल काही करावं लागत नाही, सगळा डेटाबेस एका फाइलीत, आणि तो आपल्या खिशातल्या फोनमध्ये आधीपासूनच बसलेला आहे हे सांगितलं की पोरांचे डोळे चमकतात.

पण ओआरएमचं ऐका. मागच्या वर्षी आमच्याकडे एक नवीन मुलगा होता, हुशार. त्यानं पट्ट्यांच्या यादीचं पान केलं. एका पानावर ५० पट्ट्या, प्रत्येकीसमोर शेतकऱ्याचं नाव. त्याच्या मशीनवर लोण्यासारखं चाललं. गिऱ्हाइकाकडे पान उघडायला इतका वेळ की अडत्या म्हणाला, तोवर मी हातानं लिहून टाकतो. लॉग पाहिला तर ५० पट्ट्यांसाठी ५१ क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न. एक यादीची, आणि मग प्रत्येक शेतकऱ्यासाठी एकेक, डेटाबेसच्या दारावर पन्नास वेळा टकटक. ओआरएमला एक शब्द जास्त सांगितला असता तर एका जॉइनमध्ये काम झालं असतं. पण तो शब्द कोणता आणि कशासाठी, हे कळायला मागं काय घडतंय ते डोळ्यांसमोर दिसावं लागतं. ज्यानं जॉइन कधी हातानं लिहिलाच नाही, त्याला त्या ५१ ओळी बघून काहीच वाटत नाही. त्याला खरंच काही वाटलं नव्हतं! म्हणाला, सर, सर्व्हर मोठा घ्या.

मिहानकर
रविवार, दुपारी ३:०५

हा मुद्दा मान्य. 'सर्व्हर मोठा घ्या' आमच्याकडेही ऐकू येतं, फक्त इंग्रजीत.

अंबाझरी_ताई
रविवार, रात्री ९:३०

मी डेटाबेसच्याच कामात आहे, १४ वर्षं झाली. दरवर्षी नवीन आलेल्या मुलामुलींना आठवडाभर मी शिकवते. माझा एक खेळ सांगते, हवा तर वापरा.

दोघांना शेजारी बसवायचं, दोघांच्या पुढ्यात एकेक टर्मिनल, डेटाबेस एकच. तक्त्यात एक ओळ: गोदाम, ५० कॅरेट शिल्लक. दोघंही दुकानदार. दोघांना सांगायचं, आधी शिल्लक वाचा, मग ३० कॅरेट विका, मग उरलेला आकडा लिहा. दोघं ५० वाचतात, दोघं मनात वजाबाकी करतात, दोघं २० लिहितात. साठ कॅरेट विकले गेले, गोदामात वीस दिसतात आणि कुठेही एररची लाल ओळ नाही. वर्गात शांतता पसरते. व्याख्यानानं अशी शांतता मला कधी मिळवता आली नाही.

मग दुसरी फेरी. आता वजाबाकी डेटाबेसलाच करायला सांगा, एकाच अपडेटमध्ये, 'शिल्लक ३० किंवा जास्त असेल तरच' अशी अट घालून. पहिल्यानं ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्का होणारा व्यवहार) सुरू करून अपडेट मारायचा, पण कमिट करायचं नाही, म्हणजे पक्का करायचा नाही, चहा प्यायचा. दुसऱ्याचा अपडेट अडकून बसतो, कर्सर नुसता लुकलुकतो. "मॅडम, हँग झालं." हँग झालेलं नाही, तो त्या ओळीच्या कुलपासमोर रांगेत उभा आहे. पहिल्यानं कमिट केलं की दुसऱ्याला उत्तर येतं: बदललेल्या ओळी शून्य. शिल्लक २० असल्यामुळं त्याची विक्री झालीच नाही. लॉक म्हणजे काय हे यानंतर मला कधी समजावून सांगावं लागलेलं नाही.

हा खेळ पोस्टग्रेस या डेटाबेसवर करा, एसक्यूलाइटवर नको. तिथं एक जण लिहीत असला की ओळीलाच नव्हे, सगळ्या फाइलीला कुलूप लागतं, त्यामुळं गंमत नीट दिसत नाही. शिवाय एसक्यूलाइट आकड्याच्या रकान्यात अक्षरंही मुकाट घेतो. शिकाऊ हातांना इतका मवाळ मास्तर बरा नव्हे. पहिल्या दिवसापुरता ठीक.

आणि पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे अंदाजे दशांश आकड्यात, ठेवू देऊ नका. ०.१ आणि ०.२ ची बेरीज मशीनवर करून दाखवा, ०.३०००००००००००००००४ येते. दशांश प्रकार वापरा किंवा सरळ पैशांत पूर्णांक ठेवा. तुमचा बी.कॉम.वाला यावर सगळ्यात जास्त चिडेल, बघा.

जुना_फॉक्सप्रोवाला
रविवार, रात्री १०:१२

ताई, नलचं, म्हणजे रिकाम्या मूल्याचं सांगायचं राहिलं.

अंबाझरी_ताई
रविवार, रात्री १०:४०

काका, नलवर बोलायला लागले तर कूलरमधलं पाणी संपेल. एकच सांगते. उचल न घेतलेल्या शेतकऱ्यांची यादी हवी होती. कोणीतरी 'नॉट इन' लावून लिहिली: ज्यांचा क्रमांक उचलीच्या तक्त्यात नाही ते. उत्तर शून्य ओळी. सगळ्यांनी मान डोलावली की यंदा सगळ्यांनीच उचल घेतली, वर्ष वाईट आहे. खरं कारण असं की उचलीच्या तक्त्यात एका नोंदीत शेतकऱ्याचा क्रमांक भरायचाच राहिला होता. एक नल. 'या यादीत आहे का' या प्रश्नाला डेटाबेस 'नाही' म्हणूच शकला नाही, 'माहीत नाही' म्हणाला, आणि 'माहीत नाही'वाली ओळ निकालात येत नाही. 'नॉट एक्झिस्ट्स' लिहिलं असतं तर वाचलो असतो. तो रकाना 'नॉट नल' ठेवला असता तर ही वेळच आली नसती.

वर्धेचा_पुण्यात
सोमवार, सकाळी ८:५०

धागा मस्त चाललाय. मराठी डेटाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आपली पोरं उदाहरणं सगळी इंग्रजीत करतात आणि खरं गिऱ्हाईक आलं की ते म्हणतं, पावती मराठीत पाहिजे.

माझी आवडती परीक्षा. ओरॅकलमध्ये २० लांबीचा रकाना करा, काही न सांगता केला तर तो सहसा २० बाइटांचा होतो, अक्षरांचा नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळं वेगवेगळं मोजायचं. आता त्यात विदर्भातले जिल्हे भरा. नागपूर: सहा खुणा, १८ बाइट, बसलं. वर्धा १५, बसलं. यवतमाळ १८, भंडारा १८, बसले. अमरावती २१, गेली बाहेर. गोंदिया २१, बाहेर. चंद्रपूर आणि गडचिरोली २४, बाहेर. नागपुरात बसून चाचणी करणाऱ्या माणसाला हा बग दिसणारच नाही, आणि मग गडचिरोलीवाले म्हणणार की आमच्याकडे कोणी लक्ष देत नाही. बरोबरच म्हणतात!

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये याची उलटी गंमत. त्यातला जुना 'यूटीएफ८' तीनच बाइटांपर्यंत जातो. मराठी तीन बाइटांत बसते, त्यामुळं सगळं सुरळीत चालतं. मग एखादा शेतकरी शेऱ्यात हात जोडलेला इमोजी टाकतो, त्याला चार बाइट लागतात, आणि नोंद नाकारली जाते. पहिल्या दिवसापासून 'यूटीएफ८एमबी४' घ्या.

तिसरं सगळ्यात छळणारं. 'शेतकऱ्याचे' हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ येतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारा जोडक. पडद्यावर बहुतेक फॉन्टांत दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एका कीबोर्डवरून भरलं, दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं, सापडत नाही. भरतानाच एका रूपात आणून ठेवा. क्रमवारीचंही तसंच. कोडांच्या ओळीनं लावलं तर ळ लगेच ल च्या मागं येतो. आपण शाळेत तो ह च्या नंतर म्हणायचो. मराठीचं कोलेशन (क्रम लावायचा नियम) लावलं नाही तर यादी बघून गुरुजींचं डोकं दुखेल.

तर्री_जास्त
सोमवार, सकाळी १०:०५

गोंदिया बाहेर? माह्यं आजोळ आहे ना बाप्पा तिथं. 😡

काटोल_रोड
सोमवार, रात्री ११:२०

मी मोबाइल अ‍ॅप करतो, म्हणजे तुमच्या वेब सर्व्हिसचा पलीकडचा माणूस, ज्याला तुम्ही लोक शिव्या घालायला लावता. सर्व्हिस शिकवताना अर्धा वेळ तरी पलीकडं बसवा पोरांना.

मला जन्मभर पुरेल असा धडा एका गाडीनं दिला. काटोलकडच्या बागेतून माल भरायचा, ड्रायव्हर अ‍ॅपमध्ये नोंद करायचा: गाडी, कॅरेट, बाग. रस्त्यात नेटवर्क येतं-जातं. अ‍ॅपनं नोंद पाठवली, सर्व्हरनं ती लिहिली आणि उत्तर परत येता येता नेटवर्क गेलं. अ‍ॅपला वाटलं पोचलीच नाही, त्यानं पुन्हा पाठवली. मंडईत एकाच गाडीच्या दोन नोंदी. ड्रायव्हर म्हणतो मी एकदाच दाबलं, सर्व्हरवाला म्हणतो तू दोनदा पाठवलं. दोघं खरं बोलत होते. दोन दिवस भांडलो, मग उपाय केला: फोननं नोंद तयार करतानाच एक एकमेव क्रमांक बनवायचा, प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवायचा, आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिकची अट. दुसऱ्यांदा आला की सर्व्हर नवीन ओळ घालत नाही, आधीचंच उत्तर परत देतो. ही अट कोडमध्ये 'आधी बघा, मग घाला' अशी लिहू नका, दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या की ती फसते. ताईंच्या खेळातले दोन दुकानदारच ते.

गेट प्रकारची विनंती म्हणजे फक्त वाचणं, हे कानीकपाळी ओरडा. आमच्याकडे एकानं 'गाडी रद्द करा'ची लिंक साध्या गेटवर ठेवली होती. कोणीतरी ती लिंक चॅटच्या ग्रुपवर टाकली, "ही दाबू नका" असं लिहून. अ‍ॅपनं झलक दाखवायला लिंक स्वतःच उघडली. गाडी रद्द! कोणीही दाबली नव्हती.

आणि काही झालं तरी २०० (सगळं ठीक असल्याचा कोड) पाठवून आत 'एरर' लिहिण्याची सवय मोडा. टपरीवर पोह्यांची प्लेट आली, तर्री नाही, पोहे नाहीत, आणि चिठ्ठीवर 'सगळं ठीक' लिहिलंय, असं आहे ते. नसेल तर ४०४, माझं चुकलं असेल तर ४००, आधीच्या नोंदीशी टक्कर असेल तर ४०९, तुमचं जळलं असेल तर ५००. कोणावर ओरडायचं ते मला कोडवरून कळलं पाहिजे.

अजून एक, तुमच्या कळमन्याचंच. गाड्या पहाटे येतात. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), आणि तारीख त्याच घड्याळातून कापून घेतलेली. आपण साडेपाच तास पुढं. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आधी आलेली प्रत्येक गाडी कालच्या तारखेत. साठवा खुशाल यूटीसीत, पण 'आजची आवक' काढताना आधी आपल्या वेळेत आणा, मग तारीख कापा. दुपारी चाचणी करणाऱ्याला हा बग सात जन्मांत दिसत नाही.

नेहमीचा_प्रश्न
मंगळवार, सकाळी ७:४५

हे सगळं आता एआय लिहून देते. कायले एवढं शिकवून राहिले?

अंबाझरी_ताई
मंगळवार, सकाळी ९:१०

देतो की लिहून. मीही लिहून घेते. परवाच एका मुलानं आणलेला कोड पाहिला, नीटनेटका. फक्त शोधण्याची क्वेरी नाव जोडजोडून बनवलेली. मी शोधाच्या चौकटीत 'डि'सूझा' टाइप केलं, सदरमधलं साधं सज्जन आडनाव. पान कोसळलं, कारण मधल्या अवतरणचिन्हानं क्वेरी तिथंच संपवली. मग त्याच जागी नावाऐवजी अवतरणचिन्ह टाकून पुढं 'किंवा १ = १' लिहिलं, आणि सगळी गिऱ्हाइकं पडद्यावर. मूल्य क्वेरीत चिकटवायचं नाही, पॅरामीटर म्हणून वेगळं पाठवायचं, एवढा एक नियम. ही खोड १९९८ पासून जगजाहीर आहे. कोडात ती आहे हे ओळखायला कोणीतरी शिकलेलं लागतंच ना?

नेहमीचा_प्रश्न
मंगळवार, सकाळी ९:३२

हव. पण मग नोकरी लागते का तुमच्याकडे? बायोडेटा पाठवू?

जुना_फॉक्सप्रोवाला
मंगळवार, सकाळी ९:५५

चौथा फोन नंबर कुठं ठेवशील ते सांग, मग पाठव.

कूलर_की_पंखा
शनिवार, रात्री ९:४५

पहिला शनिवार पार पडला. नऊच्या नऊ आले. बाहेर आग ओकत होती, कूलर नुसताच गुरगुरत होता, आणि पोहे दोनदा मागवावे लागले.

तिघातिघांचे गट केले, प्रत्येकाला पाच-सहा पट्ट्या दिल्या. पहिला तास अपेक्षेप्रमाणं. भाव वेगळ्या तक्त्यात ठेवायचा यावर दोन गट हट्टाला पेटले. मी विचारलं, उद्या भाव बदलला तर मागच्या महिन्याच्या पट्टीवर काय छापून येईल? थोडा वेळ गेला, मग पॉलिटेक्निकवाल्यानं भाव परत पट्टीच्या ओळीत आणून ठेवला. अडतीचं, म्हणजे अडत्याच्या कमिशनचं सांगितलं. २०१६ साली राज्यात फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, आणि ज्यांच्या प्रोग्रॅममध्ये 'निव्वळ = एकूण वजा अडत' असं कोरून ठेवलेलं होतं त्यांची काय धावपळ झाली. आमचीही झाली होती, खोटं कशाला बोलू. कोणाकडून, किती टक्के आणि कधीपासून, हे तीन रकाने तक्त्यात असते तर आम्ही रात्रभर बसलो नसतो.

मग बीसीएची एक मुलगी आहे, नरखेडकडची, घरी संत्र्याची बाग. तासभर एक शब्द बोलली नव्हती. तिनं एक पट्टी पुढं केली. शेतकऱ्याच्या नावापुढं लिहिलेलं होतं, 'व इतर'. म्हणाली, "सर, हे 'व इतर' कोणत्या रकान्यात जातात?"

मी म्हणालो, नावातच राहू दे, तो भाग महत्त्वाचा नाही.

ती म्हणाली, "आमच्याकडे माल बाबा आन दोन्ही काकांचा मिळून एकाच गाडीत जाते. पट्टी एकाच्या नावानं निघते, पण पैशे तिघांत वाटतात. मागच्या बहारात त्याच्यावरूनच भांडण झालं होतं." बी.कॉम.वाल्यानं लगेच विचारलं, मग उचल कोणाच्या नावावर? ती म्हणाली, धाकट्या काकाच्या. कापली मात्र तिघांच्यातून.

म्हणजे एका पट्टीचे अनेक शेतकरी, एका शेतकऱ्याच्या अनेक पट्ट्या, मधे वाट्याचा एक तक्ता, आणि उचल पट्टीला नव्हे तर माणसाला चिकटलेली. अकरा वर्षं मी हे सॉफ्टवेअर विकतोय. पट्टीच्या तक्त्यात शेतकऱ्याचा एकच रकाना आहे, आणि तो मीच पाडलेला आहे.

सगळे गेल्यावर आमच्या चालू डेटाबेसमध्ये शोधलं. नावाच्या रकान्यात 'व इतर', 'व ईतर', 'व भाऊ', 'व २', 'आणि मंडळी', सगळं सापडलं. अडत्यांचे मुनीम इतकी वर्षं माझी चूक नावाच्या शेपटीत भरून चालवून घेत होते. फोन करून कोणी तक्रारही केली नाही.

तो मधला तक्ता पुढच्या शनिवारी फळ्यावर तिलाच काढायला सांगितलाय. चालू डेटा नवीन तक्त्यांत कसा न्यायचा यावर डोकं चालत नाहीये. 'व २' मधले दोघं कोण हे फक्त मुनिमालाच माहीत असणार. ताई, काका, एखादा शनिवार प्रतापनगरला येता का?

अंबाझरी_ताई
शनिवार, रात्री १०:२०

येते. दोन लॅपटॉप आणते, ५० कॅरेटवाला खेळही होऊन जाईल. जुना रकाना लगेच उडवू नका, शेजारी नवीन तक्ता उभा करा आणि काही दिवस दोन्हीकडे लिहा.

जुना_फॉक्सप्रोवाला
शनिवार, रात्री १०:३१

मी सोमवारी कळमन्यात जातोच आहे. मुनिमाला विचारतो. 'व २' ची यादी छापून दे, पण अक्षर मोठं ठेव.

तर्री_जास्त
शनिवार, रात्री १०:३३

दहावी खुर्ची आहे का भाऊ? नसली तर मी घरून आणतो.